बुरशीचा धागा दाखवायचा आहे : शाळेच्या प्रयोगशाळेतल्या नोंदी (जून ते सप्टेंबर २०२४)

या नोंदी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवणाऱ्यांसाठी ठेवल्या आहेत. बुरशी म्हटलं की मुलांसमोर भूछत्र येतं किंवा पावावरचा डाग. भूछत्र म्हणजे बुरशीचं फळ. तिचं खरं शरीर म्हणजे तंतू. ते लाकडात, मातीत, पिकाच्या मुळांत पसरलेले असतात आणि वर्षातले बहुतेक दिवस कुणाला दिसत नाहीत. तो तंतू मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघावा, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

शाळा सातारा जिल्ह्यातल्या डोंगरी भागात आहे. हाताशी एक सूक्ष्मदर्शक (१० आणि ४० ची भिंगं), स्पिरिटचे दिवे, गॅसची शेगडी आणि पाच लिटरचा प्रेशर कुकर.

१८ जून

झाकणाचे तीन पारदर्शक डबे मांडले. एकात तालुक्याहून आणलेला पाकिटातला ब्रेड, दुसऱ्यात गावच्या बेकरीतला पाव, तिसऱ्यात शिळ्या भाकरीचा तुकडा. तिन्हींवर पाणी शिंपडून तासभर उघडे ठेवले, मग झाकणं लावून कडेने चिकटपट्टी फिरवली. मुद्दाम बुरशी घालायची गरज नाही. तिचे बीजाणू, म्हणजे बियांचं काम करणारे सूक्ष्म कण, हवेत असतातच.

२१ जून

बेकरीच्या पावावर पांढरी लव आणि तिच्यावर काळे ठिपके आले. ही ऱ्हायझोपस. भाकरीवर हिरवट-पिवळी भुकटी दिसते, ती ॲस्परजिलस. पाकिटातला ब्रेड आणला तसाच आहे. पाकिटावर बारीक अक्षरात परिरक्षक २८२ असं छापलेलं असतं. ते कॅल्शियम प्रोपिओनेट, बुरशी रोखण्यासाठीच घातलेलं. मुलांना ही तुलना आवडते, त्यामुळे हा डबा वाया गेला असं म्हणणार नाही. पण आठवड्याच्या आत तंतू दाखवायचे असतील तर बेकरीचाच पाव घ्यावा.

भाकरीचा डबा मुलांच्या हातात द्यायचा नाही, त्यांनी उघडायचा तर नाहीच. ॲस्परजिलसच्या काही जाती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. १९७४ मध्ये गुजरात-राजस्थानच्या सीमेवर पंचमहाल आणि बांसवाडा भागात अवेळी पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका खाऊन शंभराहून जास्त माणसं दगावली. हे विष नेहमीच्या शिजवण्याने जात नाही. ‘बुरशी खरवडून भाकरी भाजून घेतली की झालं’ असं घरोघरी म्हणतात, म्हणून वर्गात हे स्पष्ट सांगितलं.

२४ जून

दोन पालक भेटायला आले. २०२१ ची काळी बुरशी त्यांच्या चांगलीच लक्षात आहे आणि त्यांची काळजी रास्त आहे. ऱ्हायझोपस ही त्या आजारामागच्या बुरशींपैकीच एक. निरोगी मुलाच्या नाकात तिचे बीजाणू रोजच जातात आणि शरीर त्यांचा बंदोबस्त करतं. मधुमेह हाताबाहेर गेलेला असला किंवा स्टेरॉइडचे मोठे डोस चालू असले की धोका वाढतो, हे त्यांना समजावलं. तरीही नियम कडक केले. दमा किंवा ॲलर्जी असलेली मुलं बुरशीच्या टेबलापाशी येणार नाहीत, ती तयार काचपट्ट्याच बघतील. डबे मी उघडणार, तेही मास्क लावून, पंखा बंद करून. आधीच पालकांना चिठ्ठी पाठवली असती तर हा आठवडा अडला नसता. जे हे करतील त्यांनी चिठ्ठीपासूनच सुरुवात करावी.

२७ जून

पहिल्या काचपट्ट्या बिघडल्या. चिमट्याने बुरशीचा झुपका उचलून पाण्याच्या थेंबात ठेवला की काळ्या बीजाणुधान्या फुटतात, सगळीकडे बीजाणू पसरतात आणि तंतूंचा गोळा होतो. भिंगाखाली काळा चिखल दिसतो. दोन उपाय लागू पडले.

एक, पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा बुरशीवर अलगद टेकवायचा, दाबायचा नाही, आणि काचपट्टीवरच्या रंगाच्या थेंबावर चिकटवायचा. पट्टी धुरकट नको, स्वच्छ पारदर्शकच हवी. बीजाणू, त्यांचे देठ, सगळं जसंच्या तसं राहतं. ॲस्परजिलससाठी ही रीत उत्तम.

दोन, ऱ्हायझोपस घ्यायची ती वसाहतीच्या (एका जागी वाढलेल्या बुरशीच्या पुंजक्याच्या) कडेची, जिथे अजून काळे ठिपके आलेले नाहीत. दोन सुयांनी पाण्यातच तंतू मोकळे करायचे.

रंग लॅक्टोफेनॉल कॉटन ब्लूचा. त्यातला फेनॉल कातडी भाजतो, म्हणून बाटली माझ्याकडेच राहते. मुलांना मिळते ती थेंब टाकलेली, कव्हरस्लिप बसवलेली काचपट्टी.

आज सगळ्यात मोलाचं जे दिसलं ते मात्र रंगाशिवाय. कडेचे ताजे तंतू साध्या पाण्यात, उजेड कमी करून, ४० च्या भिंगाखाली धरले तर तंतूच्या आत बारीक कण वाहताना दिसतात. ऱ्हायझोपसच्या तंतूला आडवे पडदे जवळजवळ नसतातच. सगळी नळी एकसलग असते आणि आतला जीवद्रव तिच्यातून टोकाकडे सरकतो. नववीतली एक मुलगी बराच वेळ भिंगावरून उठेना. ‘बाई, हे जिवंत आहे,’ एवढंच म्हणाली. उजेड कमी करणं ही यातली खरी युक्ती आहे. आरसा पूर्ण उजेडाकडे वळवला की प्रवाह दिसेनासा होतो.

२ जुलै

बुरशी वाढवण्यासाठी बटाट्याचं माध्यम करायला घेतलं. पावावर बुरशी वाढते ती हवी तशी वाढते. तंतू कसा पसरतो हे मोजायचं तर सपाट, स्वच्छ माध्यम लागतं. अर्ध्या लिटरसाठी प्रमाण असं : १०० ग्रॅम बटाटा चिरून उकळायचा, पाणी गाळून घ्यायचं, त्यात १० ग्रॅम ग्लुकोज आणि १० ग्रॅम चायना ग्रास विरघळवायचं. किराणा दुकानातलं चायना ग्रास चालतं, तेही आगारच. प्रयोगशाळेच्या आगारपेक्षा ते थोडं सैल बसतं आणि किंचित गढूळ दिसतं.

जिवाणू वाढू नयेत म्हणून माध्यम आंबट ठेवतात. आम्ही उकळतानाच लिंबाचा रस घातला आणि माध्यम बसलंच नाही. आम्लात उकळल्यावर आगारची घट्ट होण्याची ताकद जाते. सगळं ओतून दिलं. लिंबू घालायचं ते कुकरमधून काढून थोडं निवल्यावर, ओतायच्या अगदी आधी, आणि मग पुन्हा तापवायचं नाही.

प्लॅस्टिकच्या पेट्री डिशही गेल्या. स्वस्त मिळाल्या म्हणून आणल्या होत्या. कुकरमध्ये त्या वाकड्या झाल्या, झाकणं बसेनात. त्या कारखान्यातूनच निर्जंतुक होऊन येतात, कुकरमध्ये घालायच्या नसतात, आणि पाकीट फुटलेलं असेल तर उपयोग नाही. काचेच्या डिश महाग पडल्या, पण पुढची कित्येक वर्षं टिकतील.

५ जुलै

जमलं. पहिली शिट्टी झाल्यावर आच मंद करून २५ मिनिटं. कुकर आपोआप निवू द्यायचा. घाईने वाफ सोडली की बाटलीतलं माध्यम उसळून कापसाच्या बोळ्यापर्यंत चढतं. बाटली गालाला लावून सोसवेल इतकी निवली की लिंबाचा रस घालायचा, खिडक्या-पंखे बंद करायचे, दोन स्पिरिटचे दिवे पेटवायचे आणि त्यांच्या मधोमध बसून ओतायचं. गार झाल्यावर डिश उपड्या ठेवायच्या, नाहीतर झाकणावरची वाफ थेंबाथेंबाने खाली पडून वसाहती मिसळतात.

ऱ्हायझोपस मधोमध सुईच्या टोकाने टेकवली.

९ जुलै

डिशच्या तळाला बाहेरून मार्करने रोज कड आखली. वाढ कडेलाच होते, मधला भाग फक्त दाट आणि काळा होत जातो. तंतू टोकाशी वाढतो हे वेगळं सांगावं लागलं नाही, आखलेल्या वर्तुळांनीच सांगितलं. त्याच दिवशी पेरलेली एक डिश शाळेच्या फ्रीजमध्ये ठेवली होती. तिच्यात काहीच हालचाल नाही. बाहेर काढल्यावर तीही वाढू लागली. थंडीने बुरशी मरत नाही, थांबते किंवा मंदावते. फ्रीजमधल्या शिळ्या अन्नाबद्दल एवढं पुरेसं आहे.

दुसरा प्रयोग तंतू खातो कसा याचा. ग्लुकोज न घालता, भाताच्या पातळ पेजेत चायना ग्रास घालून डिश ओतल्या आणि मधोमध भाकरीवरची बुरशी टेकवली. तीन दिवसांनी वर पातळ आयोडीन ओतलं. सगळी डिश निळी-काळी झाली, बुरशीभोवती मात्र स्वच्छ कडं राहिलं. तिथला स्टार्च संपला होता आणि तिथपर्यंत तंतू पोचलेले नव्हते. बुरशी आपला पाचकरस अंगाबाहेर सोडते, अन्न बाहेरच पचवते आणि मग शोषून घेते. आपण आधी गिळतो, मग पचवतो. हा एक प्रयोग केला तरी पुष्कळ, इतका तो स्पष्ट दिसतो. ही डिशही माझ्याच हाताने उघडली आणि लगेच कुकरमध्ये टाकली.

१६ जुलै

पावसाने भूछत्रं उगवली आणि मुलं पिशव्या भरून आणू लागली. पहिला नियम फळ्यावर लिहिला : यातलं काहीही कुणी खायचं नाही, घरी द्यायचं नाही, हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे.

बीजाणूंचा ठसा घ्यायची रीत सोपी. देठ कापून टोपी कागदावर पालथी ठेवायची, वर वाटी झाकायची, सकाळी उचलायची. पहिल्या दिवशीचे ठसे ‘आलेच नाहीत’. खरं तर ते पांढऱ्या कागदावर पांढरे पडले होते. आता अर्धा काळा, अर्धा पांढरा कागद चिकटवून घेतो. पावसात चिंब झालेल्या टोप्या रात्रीत कुजतात, त्या घेऊच नयेत. बाजारातल्या बटन अळिंबीची टोपी मिटलेली असते, तिचा ठसा येत नाही. पूर्ण उघडलेली, खालचे पडदे तपकिरी झालेली मिळाली तर चॉकलेटी ठसा उत्तम येतो.

मैदानाच्या कडेच्या गवतात पांढऱ्या, खवलेदार, वाटीएवढ्या छत्र्या आल्या होत्या. दिसायला खाण्याच्या वाटाव्यात अशा. एका आजोबांनी मुलाबरोबर निरोपही पाठवला की या चालतात. रात्री ठसा घेतला तर सकाळी कागद हिरवट. ही क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस, खाल्ली तर काही तासांत जबर उलट्या-जुलाब. कोवळेपणी हिच्या टोपीखालचे पडदे पांढरेच असतात, हिरवटपणा नंतर येतो, म्हणून फसगत होते. हिरवा ठसा हिची खूण आहे. पण उलटं चालत नाही : ठसा हिरवा नाही म्हणून भूछत्र खाण्याजोगं ठरत नाही. तो हिरवा कागद घेऊन मुलगा आजोबांकडे गेला आणि ती गोष्ट गावात फिरली. मला या महिन्यातलं हे सगळ्यात उपयोगाचं काम वाटतं.

वारुळावरची अळिंबीही आली. तिच्यासाठी आम्ही जागेवर गेलो आणि एक देठ सावकाश खणत नेला. तो मातीत हातभर खाली जातो आणि वाळवीच्या बुरशीच्या पोळ्याला जाऊन भिडतो. वाळवी चघळलेलं लाकूड-पाचोळा रचून त्यावर ही बुरशी जोपासते आणि तीच खाते. पावसाळ्यात बुरशी फळ वर पाठवते. वाळवीशिवाय हिची शेती करणं अजून माणसाला साधलेलं नाही. हिचा ठसा फिकट गुलाबी.

३० जुलै

दगडफूल. मसाल्याच्या डब्यातून आणलं. ही बुरशी आणि शैवाल यांची जोडी. पाण्यात भिजवून, बटाट्याच्या चिरेत धरून ब्लेडने पातळ काप घेतले. वर-खाली तंतूंची दाट वीण, मधे सैल तंतू, आणि वरच्या थराखाली शैवालाच्या गोल पेशी. जुन्या मालात हिरवा रंग उडालेला होता. आंब्याच्या खोडावरचा ताजा दगडफुलासारखा लायकेन घेतल्यावर हिरवा थर नीट दिसला.

यीस्टही याच दिवशी उरकलं. कोमट साखरपाणी, बेकरीचं यीस्ट, अर्धा तास. मुकुलन, म्हणजे पेशीला कळीसारखी नवी पेशी फुटणं, स्पष्ट दिसतं. ही बुरशी असूनही तंतू करत नाही, एवढी नोंद पुरे.

८ ऑगस्ट

कृषी सेवा केंद्रातून ट्रायकोडर्माची पावडर आणली. मुलांना ती ओळखीची आहे. ‘हरभऱ्याला पेरणीआधी चोळतात ती,’ असं तिघा-चौघांनी एकदम सांगितलं. पण ती नेमकं करते काय, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

पावडरची चिमूट थेट माध्यमावर टाकली तर डिश जिवाणूंनी भरली. पावडर म्हणजे भुकटीत मिसळलेली बुरशी, निर्जंतुक माल नव्हे. मग चिमूटभर पावडर उकळून गार केलेल्या पाण्यात ढवळली, त्यातला थेंब पुन्हा पाण्यात, आणि त्या पाण्यातला थेंब माध्यमावर. उगवलेल्या हिरव्या वसाहतीतून सुईने नव्या डिशवर घेतलं. शुद्ध वसाहत मिळवण्यातच आठवडा गेला.

१९ ऑगस्ट

एका डिशमध्ये डाव्या कडेला ट्रायकोडर्मा, उजव्या कडेला कुजक्या टोमॅटोवरून मिळालेली एक पांढरी बुरशी. दोघी मधे भेटल्या, पांढरी थांबली, ट्रायकोडर्मा तिच्यावर चढत गेली आणि हिरवी झाली. जिथे त्या भेटल्या तिथे चिकटपट्टी लावून पाहिलं, तर काही ठिकाणी एक तंतू दुसऱ्याभोवती वेढे घालून होता. ट्रायकोडर्मा दुसऱ्या बुरशीची भिंत विरघळवणारे रस सोडते. ती भिंत कायटिनची, म्हणजे किड्यांच्या कवचात असतं तेच द्रव्य. पीक वाळवणाऱ्या मर रोगाची बुरशी आणि बियाला चोळलेली बुरशी यांच्यात मातीत जे चालतं, त्याचा एक भाग डिशमध्ये दिसला. रासायनिक बुरशीनाशक आणि ट्रायकोडर्मा एकत्र चोळलं तर ट्रायकोडर्माही मरू शकते, हे मुलांनी आपणहून काढलं.

२ सप्टेंबर

आता मुळं. ज्यासाठी सगळं मांडलं ते काम हेच. जमिनीवरच्या बहुसंख्य वनस्पतींच्या मुळांत बुरशी राहते. मुळाला जिथपर्यंत पोचता येत नाही तिथून ती फॉस्फेट आणून देते आणि बदल्यात वनस्पतीकडून साखर आणि स्निग्ध पदार्थ घेते. बटाट्याच्या माध्यमावर ही उगवत नाही, कारण तिला जिवंत मूळच लागतं. म्हणून ती मुळातच शोधायची.

महागड्या रंगाची गरज नाही. शाईच्या पेनाची शाई आणि पांढरं व्हिनेगर पुरतं. रीत अशी : बारीक मुळं धुवून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम पाण्यावर ठेवायची. हे काम शिक्षकाचंच. चष्मा आणि हातमोजे घालूनच, हे द्रावण डोळ्याला घातक आहे. मग मुळं धुवायची, ९५ भाग व्हिनेगर आणि ५ भाग शाई यांत तीन मिनिटं उकळायची, आणि व्हिनेगरचे थेंब टाकलेल्या पाण्यात वीस मिनिटं ठेवून जादा रंग काढायचा.

शाळेच्या वाफ्यातल्या कांद्याची मुळं अर्धा तास ठेवली, त्यांचा लगदा झाला. कांद्याला काही मिनिटंच पुरतात. नाचणीच्या चिवट मुळांना मात्र अर्धा तास लागला. निळ्या शाईने सगळं मूळच फिकट निळं झालं, बुरशी वेगळी उठेना. काळ्या शाईने उठली. घरात असतील त्या दोन-तीन शाया आधी थोड्या मुळांवर करून बघाव्यात.

६ सप्टेंबर

कांद्याच्या मुळांत बुरशी जवळजवळ नाही. मला आधी रंगाचा दोष वाटला. मग लक्षात आलं की वाफ्याला सुपर फॉस्फेट भरपूर टाकलेलं आहे. फॉस्फेट आयतं मिळालं की वनस्पती बुरशीला पोसायचं कमी करते. म्हणून तीन ठिकाणची मुळं घेतली : वाफ्यातला कांदा, खत न घातलेल्या उताराच्या शेतातली नाचणी, आणि कुंडीतली मोहरी. मोहरी मुद्दाम, कारण मोहरी-कोबीच्या कुळात ही बुरशी सहसा राहत नाही. तुलनेला एक रिकामं मूळ हवंच, नाहीतर मुलांना प्रत्येक रेघ बुरशी वाटते.

१० सप्टेंबर

नाचणीच्या मुळात दिसली. १० च्या भिंगाखाली पेशींच्या रांगांमधून जाणारे गडद तंतू आणि त्यांना लागलेले अंडाकृती फुगे, ज्यांत बुरशी तेल साठवते. ४० च्या भिंगाखाली काही पेशींच्या आत बारीक झाडोऱ्यासारखी फांद्यांची गर्दी. तिथेच देवाणघेवाण चालते. मोहरी रिकामी. कांद्यात एखाद-दुसरा तंतू. तिन्ही काचपट्ट्या शेजारी मांडून मुलांना न सांगता ओळखायला दिल्या आणि बहुतेकांना नाचणी ओळखता आली.

ज्याच्या शेतातली नाचणी होती त्या मुलाने विचारलं, ‘मग आम्ही खत घालायचं नाही का बाई?’ त्याला प्रामाणिक उत्तर हेच दिलं की एका काचपट्टीवरून खताचा निर्णय होत नाही. माती तपासून फॉस्फेट किती कमी आहे ते बघावं, आणि गरजेपेक्षा जास्त टाकू नये. पुढच्या वर्षी त्याच शेतात दोन सऱ्या, एक खताची आणि एक बिनखताची, ठेवायला त्याचे वडील तयार झाले आहेत.

१८ सप्टेंबर

आवराआवर. सगळ्या डिश, पाव-भाकरीचे डबे आणि वापरलेल्या पट्ट्या कुकरमध्ये शिट्टीनंतर अर्धा तास, मग खड्ड्यात. डबे प्लॅस्टिकचे असल्याने तेही गेले. पुढच्या वेळी जॅमच्या काचेच्या बाटल्या घेणार. हा कुकर स्वयंपाकाला वापरायचा नाही, त्यावर रंगाने लिहून ठेवलं आहे.

खर्च सगळा मिळून ₹१,८०० च्या आसपास. त्यातला मोठा भाग काचेच्या डिशचा, मग कॉटन ब्लू आणि कव्हरस्लिप. मुळांचा प्रयोग शंभर रुपयांच्या आत होतो. ज्यांच्याकडे पैसे आणि वेळ दोन्ही कमी आहेत त्यांनी बेकरीचा पाव, पेजेची डिश आणि मुळं एवढंच करावं. ओळख पटलेली शुद्ध बुरशी हवी असेल तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. तिथे शाळेच्या पत्रावर विचारणा करणार आहे.

नाचणीच्या चांगल्या काचपट्ट्या ग्लिसरीनमध्ये बसवून कडेने नेलपॉलिशचे दोन हात दिले. पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा दिला तर ग्लिसरीन बाहेर झिरपतं. रब्बीत ज्वारीची मुळं नोव्हेंबर अखेरीस काढणार, फुलोऱ्याच्या आधी.